घरीं दुसरी शाळा नको

जून महिन्याचा मध्य उलटला, शाळा उघडल्या, म्हणजे आमच्या बजाजनगरांत सकाळच्या प्रहरीं दोन तऱ्हेच्या मोटारींची दाटी होते. एक कारखान्यांच्या, पाळीवर जाणाऱ्या माणसांस नेणाऱ्या. दुसऱ्या शाळांच्या, पाठीवर दप्तर घेतलेल्या मुलांस नेणाऱ्या. कित्येकदां असें घडतें कीं, रात्रपाळी करून आलेला बाप एका मोटारींतून उतरतो, आणि त्याच वेळीं त्याचें मूल दुसऱ्या मोटारींत चढतें. दोघांची जी काय गांठ पडावयाची ती रस्त्याच्या कडेला, अर्ध्या मिनिटाची. १९८५ सालीं वाळूज येथें बजाज कंपनीचा कारखाना सुरू झाला व त्याच्या आश्रयानें ही वसाहत वाढली. तेव्हांपासून येथल्या संसारांचें घड्याळ कारखान्याच्या पाळ्यांवर चालतें. मुलांचा अभ्यासहि त्याच घड्याळांत कोठेंतरी बसवावा लागतो. तो कसा बसवावा, आणि मुळांत अभ्यास म्हणजे काय समजावें, याविषयीं आज चार शब्द लिहावे असें मनांत आहे.

गेल्या वर्षीं भाद्रपदांत, गौरीगणपतीची गडबड ओसरल्यावर, मागच्या गल्लींतील एक तरुण भगिनी माझ्याकडे आली. मुलगी शिकलेली, पदवीधर, सासरमाहेर दोन्ही घरें विद्येची चाड असलेलीं. यजमान एका कारखान्यांत देखरेखीच्या जागेवर. पाळी आठवड्या-आठवड्याला बदलणारी. मुलगा दुसरींत. मीं प्राथमिक शाळेंत पुष्कळ वर्षें शिकविलें, हें ठाऊक असल्यामुळें आळींतल्या आया असा एखादा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. तिनें बसतां बसतांच सांगावयास सुरुवात केली.

"काकू, शाळेंत पालकसभा झाली. बाई म्हणाल्या, मुलगा वाचनांत मागें आहे, घरीं लक्ष द्या. आतां मी आणखी किती लक्ष देऊं? रोज संध्याकाळीं दोन तास घेऊन बसतें. धडा दहा वेळां म्हणवून घेतें, पांच वेळां लिहून घेतें. शिकवणीहि लावली आहे. हे घरीं असले म्हणजे हेहि बसतात. पण यांचा राग लवकर चढतो, आणि मग हात उचलला जातो."

एवढें बोलून ती थांबली. खरें सांगावयाचें तें पुढेंच होतें. आदल्या दिवशीं तिला गादीखालीं वहीचीं चार पानें सांपडलीं होतीं, फाडून घडी करून ठेवलेलीं. त्यांवर बाईंनीं लाल शाईनें शेरे मारले होते. मुलाला विचारलें तर तो म्हणाला, पानें माझीं नाहींतच. "काकू," ती म्हणाली, "वाचनाचें मला तितकें वाईट वाटत नाहीं, तें आज ना उद्यां येईल. पण सात वर्षांचें माझें मूल माझ्यासमोर उभें राहून खोटें बोलूं लागलें, याला मी काय करूं?"

मीं तिला सांगितलें, उद्यां त्याला घेऊन ये, येतांना पाठ्यपुस्तक आण, वही आणूं नकोस.

मुलगा मोठा गोड व तरतरीत होता. त्याला मीं पुस्तक उघडून दिलें, व कोणताहि धडा वाच म्हणून सांगितलें. त्यानें ओळींवर बोट फिरवीत एक धडा घडाघडा वाचून दाखविला. आईचा चेहरा उजळला. परंतु त्याचें बोट एका ओळीवर व डोळे माझ्या खिडकींतल्या चिमणीवर होते. मीं त्याला थांबविलें, आणि तिसऱ्या ओळींतला मधला एकच शब्द दाखवून हा वाच म्हटलें. तो गप्प झाला. मग मीं वाण्याकडे पाठवावयाची माझी यादी त्याच्या हातीं दिली. 'गूळ' हा शब्द त्यानें 'गहू' असा वाचला, व 'शेंगदाणे' यांतला 'शें' तेवढा वाचून तो माझ्या तोंडाकडे पाहूं लागला. त्यानंतर सहज विचारलें, तुला स्तोत्र कोणतें येतें? त्यानें सबंध रामरक्षा एका अक्षराची चूक न करतां म्हणून दाखविली.

वाचकभगिनींनो, रोग काय तो एव्हांना आपल्या ध्यानांत आलाच असेल. मुलाची स्मरणशक्ति उत्तम होती. आणि तीच त्याच्या वाचनाच्या आड आली होती. धडा दहा वेळां म्हणवून घेतला कीं अकराव्या वेळीं त्याला पुस्तकाची गरज उरत नसे. आईला वाटे तो वाचतो. तो वस्तुतः म्हणत असे. आपल्या घरांत पाठांतराची रीति पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, आणि ती चांगलीच आहे. मुलाची वाणी स्वच्छ होते, कान तयार होतो, शब्दांचा सांठा वाढतो. परंतु पाठांतर हें कानाचें काम आहे व वाचन हें डोळ्यांचें. एकाची परीक्षा घेऊन दुसरें आलें असें समजणें ही आपल्या शिकलेल्या घरांत वारंवार होणारी चूक आहे. वर्गांत बाईंनीं अनोळखी उतारा पुढें ठेवला कीं हें बिंग फुटतें. घरीं मात्र तें वर्षानुवर्षें झांकून राहतें.

आतां शाळेची अपेक्षा तरी नेमकी काय असते, तें पाहूं. पालकसभेंत "लक्ष द्या" एवढेंच सांगितलें जातें, आणि आईबाप आपापल्या समजुतीप्रमाणें लक्ष देऊं लागतात. कोणी शिकवणी लावतात, कोणी छडी घेतात. वास्तविक ही अपेक्षा बरीच स्पष्टपणें लिहून ठेवलेली आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणास अनुसरून ५ जुलै २०२१ रोजीं 'निपुण भारत' ही योजना सुरू झाली. २०२६-२७ पर्यंत देशांतील प्रत्येक मुलास तिसरी संपेतों समजून वाचतां यावें व साधें गणित करतां यावें, हें तिचें ध्येय. त्यांत इयत्तावार मापें दिलीं आहेत. पहिलीच्या मुलास चार-पांच सोप्या शब्दांचें लहान वाक्य वाचतां यावें, आणि तें वाक्य त्यानें पूर्वीं पाहिलेलें नसावें. दुसरीच्या मुलानें मिनिटास ४५ ते ६० शब्द बरोबर वाचावे. तिसरीच्या मुलानें मिनिटास निदान ६० शब्द, तेहि अर्थ समजून, वाचावे. संख्यांच्या बाबतींत पहिलींत ९९ पर्यंत, दुसरींत ९९९ पर्यंत व तिसरींत ९९९९ पर्यंत वाचन-लेखन यावें. 'पूर्वीं न पाहिलेलें' हा शब्द आपण विशेष ध्यानांत ठेवावा. सारें मर्म त्यांत आहे.

हें माप फार मोठें आहे असें नाहीं. परंतु तें गांठणारीं मुलें किती थोडीं आहेत, हें पाहिलें म्हणजे मन खिन्न होतें. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानें ग्रामीण भारतांत 'असर' नांवाची पाहणी २००५ पासून होत आली आहे. २०२४ सालच्या पाहणींत सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकीं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचूं शकणारीं मुलें देशभरांत शेंकडा २३.४ इतकींच आढळलीं. २०२२ सालीं हेंच प्रमाण १६.३ होतें. म्हणजे सुधारणा आहे, पण शंभरांतलीं शहात्तर मुलें अद्याप दाराबाहेरच उभीं आहेत. तेव्हां आपलें मूल वाचनांत मागें आहे, असें बाईंनीं सांगितल्यास तें आपल्या कुळाला लागलेलें लांछन समजूं नये. ती एक अडचण आहे, आणि वेळेवर कळली तर दूर होणारी आहे.

वाचन व अंक यांखेरीज वर्गाच्या आणखी कांहीं अपेक्षा असतात. त्या छापलेल्या नसतात, पण शिक्षिकेच्या दृष्टीनें पहिल्या महिन्यांत त्याच अधिक महत्त्वाच्या ठरतात. प्राथमिक शाळेंत तीस मुलांमागें एक शिक्षक असें प्रमाण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें घालून दिलें आहे. तीस मुलें व एक बाई, हें चित्र डोळ्यांपुढें आणा. दुसऱ्याचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घेणें, आपली पाळी येईपर्यंत थांबणें, डबा आपला आपण उघडणें, पेन्सिल-खोडरबर सांभाळणें, आणि "बाई, मला समजलें नाहीं" असें निर्भयपणें म्हणतां येणें, एवढ्या गोष्टी ज्या मुलास येतात तें मूल निम्मी लढाई जिंकूनच वर्गांत शिरतें. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. घरीं चुकल्याबद्दल मार बसत असेल, तर वर्गांत "समजलें नाहीं" असें म्हणण्याचें धैर्य मुलांत कोठून येणार? मग तें पानें फाडून गादीखालीं लपवितें.

येथें मला माझ्या घरचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाहींतर दुसऱ्यांना शहाणपण सांगण्याचा मला अधिकार नाहीं. माझा धाकटा मुलगा तिसरींत होता. शाळेंतून 'माझा आवडता सण' या विषयावर दहा ओळी लिहून आणावयास सांगितल्या होत्या. मी स्वतः शिक्षिका. माझ्या मुलाचा निबंध सामान्य कसा असेल? मीं त्याला दिवाळीवर दहा ओळी सांगितल्या, त्यानें त्या लिहिल्या, आणि त्याला उत्तम शेरा मिळाला. पुढें कित्येक वर्षांनीं, तो नोकरीला लागल्यावर, बोलतां बोलतां म्हणाला, "आई, मला आवडता सण पोळा लिहावयाचा होता. आजोबांच्या गांवचे बैल मला फार आवडत. तूं म्हणालीस, दिवाळी लिही." तो हें हसत सांगत होता, मला मात्र हसूं आलें नाहीं. शेरा मला मिळाला होता, आणि त्याचा पोळा गेला होता. शिवाय त्याच्या वर्गशिक्षिकेलाहि मीं फसविलें होतें; मुलाला काय येतें हें तिला जाणून घ्यावयाचें होतें, आणि मीं तिला मला काय येतें तें कळविलें. घरून येणारे सुबक तक्ते व निर्दोष निबंध पाहिले, म्हणजे त्यांच्या मागें झोप मोडून बसलेली एक आई मला आतां स्पष्ट दिसते.

गृहपाठाच्या बाबतींतहि आपण शाळेच्या पुढें धांवतों. केंद्रीय शिक्षणखात्यानें २०२० सालीं दप्तराविषयीं जें धोरण जाहीर केलें, त्यांत दुसरीपर्यंतच्या मुलांस गृहपाठ मुळींच नसावा, आणि तिसरी ते पांचवीच्या मुलांस आठवड्याकाठीं फार तर दोन तासांचा असावा, असें म्हटलें आहे. ध्यानांत घ्या, दिवसाला नव्हे, आठवड्याला. आमच्या त्या भगिनीच्या घरीं एका संध्याकाळींच तेवढा अभ्यास होत असे, शिकवणी वेगळीच. शाळेनें गृहपाठ कमी दिला तर ती शाळा ढिली, असें समजणारे पालक पुष्कळ आहेत. आणि पालकांची मागणी म्हणून अधिक गृहपाठ देणाऱ्या शाळाहि आहेत. या दोहोंच्या मध्यें मूल भरडतें.

मग घरीं करावें तरी काय? माझें उत्तर असें कीं, घरीं दुसरी शाळा काढूं नये. शाळेंत जें होऊं शकत नाहीं तें घरीं करावें. तीस मुलांत बाई प्रत्येकाजवळ बसून गोष्ट वाचूं शकत नाहींत. आई बसूं शकते. म्हणून पहिली गोष्ट ही कीं, रोज पंधरा मिनिटें मुलाला मांडीशीं घेऊन आपण मोठ्यानें वाचावें. पुस्तक पाठ्यपुस्तक नसावें. आपलें बोट शब्दांखालून हळूं हळूं फिरत असावें. एखाद्या रंगतदार जागीं थांबून "पुढें काय होईल?" असें विचारावें, आणि मुलाचें उत्तर चुकलें तरी तें ऐकून घ्यावें. "हें कोणतें अक्षर?" हा प्रश्न त्या पंधरा मिनिटांत वर्ज्य. तारा मोडक यांनीं १९२६ सालीं गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, त्याला आतां शतक होत आलें. मुलाचा मान राखून त्याला शिकविलें तरच तें शिकतें, हें त्यांनीं जन्मभर सांगितलें. घराघरांत तें अद्याप पोंचावयाचें आहे.

दुसरी गोष्ट, वाचतांना चुकलेल्या प्रत्येक शब्दावर मुलाला अडवूं नये. वाक्य संपूं द्यावें. अर्थ बिघडला असेल तर मूल पुष्कळदां आपणच मागें वळतें. न वळल्यास फक्त "हें बरोबर लागतें का रे?" असें म्हणावें. आपल्या लिपींत कांहीं ठिकाणें स्वभावतःच बिकट आहेत. एकटा 'र' घ्या: 'सूर्य' या शब्दांत तो डोक्यावर चढतो, 'चक्र' मध्यें पायाशीं बसतो, 'राष्ट्र' मध्यें आणखी निराळा होतो, आणि 'तऱ्हा' लिहितांना चौथेंच रूप घेतो. मुलगा येथें अडखळला तर तो मंद नव्हे. रस्ताच तेवढा खांचखळग्यांचा आहे. अशा शब्दांच्या चिठ्ठ्या करून डब्यांवर, कपाटांवर, दारांवर लावाव्या. येतां जातां डोळा पडतो व रूप ओळखीचें होतें.

अंकांचेंहि तसेंच. मुलानें 'पंचवीस' ऐकून ५२ लिहिले, तर रागावण्यापूर्वीं आपण तो शब्द एकदां नीट उच्चारून पाहावा. त्यांत पांच आधीं येतात व वीस मागून. लिहितांना मात्र वीसचा दोन आधीं लिहावयाचा असतो. संस्कृतांतून आलेली ही उलटी रीति आहे, आणि जर्मन भाषेंतहि एकम् आधीं व दशक मागून बोलतात. त्यांत आणखी आपले 'एकोणतीस', 'एकोणचाळीस': तीस ऐकूं येतात आणि दोनाचा आंकडा लिहावयाचा! २०१९ सालीं 'बालभारती'च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत रूढ नांवांबरोबर 'वीस पांच' अशी संख्यावाचनाची सरळ रीति दिली, तेव्हां महाराष्ट्रांत केवढें वादळ उठलें होतें, हें आपणांस आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनीं मुलांची ही अडचण परोपरीनें समजावून सांगितली. त्या २०२३ सालीं निवर्तल्या. वाद मिटला असेल-नसेल, पण अडचण जागच्या जागींच आहे. घरीं तिच्यावर सोपा उपाय आहे. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधाव्या, कांहीं काड्या सुट्या ठेवाव्या, आणि "पंचवीस आण" म्हटल्यावर मुलानें दोन जुड्या व पांच सुट्या काड्या आणाव्या. दहाच्या नोटा व रुपयाचीं नाणीं यांनींहि हेंच साधतें. हातांनीं दहादां पंचवीस उचलले म्हणजे बोटें ५२ लिहीत नाहींत.

तिसरी गोष्ट भाषेची. आमच्या वसाहतींत बीडची, जालन्याची, खानदेशची, विदर्भाची अशा अनेक तऱ्हेच्या मराठी बोली एका जिन्यावर नांदतात. मुलें खेळतांना एकमेकांचे शब्द उचलतात. 'कामून' म्हटलें म्हणून मुलाला हसूं नये, किंवा असल्या मुलांत खेळूं नको असेंहि सांगूं नये. "हो, आणि पुस्तकांत त्याला 'कां' म्हणतात," एवढेंच म्हणावें. म्हणजे त्याच्यापाशीं एकाऐवजीं दोन शब्द होतात. जीं मुलें इंग्रजी शाळेंत आहेत, त्यांच्या आयांनीं तर घरीं मोडकें इंग्रजी बोलण्याचा अट्टाहास मुळींच करूं नये. झाडाला पाणी कां लागतें, हें मुलाला मराठींत नीट समजलें असलें म्हणजे इंग्रजींत त्याचे नुसते शब्द शिकावे लागतात. मराठींतच समजलें नसेल तर इंग्रजींत तें केवळ पाठ होतें, आणि आपण पुन्हां रामरक्षेपाशीं येतों.

आतां त्या मुलाचें पुढें काय झालें, तें सांगतें. मीं त्या भगिनीला तीन गोष्टी सांगितल्या. शिकवणी व दहा वेळां लिहिणें तूर्त बंद करावें. फाडलेल्या पानांविषयीं मुलाला पुन्हां एक अक्षरहि विचारूं नये. उलट तिनें स्वतः शाळेंत जाऊन बाईंना खरें तें सांगावें. आणि तिसरें काम मुलाच्या वडिलांचें. त्यांच्याजवळ वेळ नव्हता हें खरें. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यांत ते मध्यरात्रीच्या सुमारास येत, तेव्हां मुलगा झोंपलेला असे. मीं म्हटलें, झोंपण्यापूर्वीं त्यांनीं मुलाला दोन ओळींची चिठ्ठी लिहावी व ती त्याच्या दुधाच्या पेल्याखालीं ठेवावी. ती पाठ करण्याची सोय नाहीं. रोज नवी, रोज अनोळखी.

पहिली चिठ्ठी होती, "डब्यांतली भाजी कोणी खाल्ली?" मुलाला ती वाचावयास बराच वेळ लागला; आईनें मदत करूं नये असें ठरलें होतें, तें तिला फार जड गेलें. दुसऱ्या आठवड्यांत त्यानें आपण होऊन उत्तर लिहिलें. त्यांत ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या. आई लाल पेन घेऊन बसली होती. तें मीं काढून घेतलें. पुढें एके दिवशीं तो कागद ती माझ्याकडे घेऊन आली. त्यावर लिहिलें होतें, "बाबा तुमी रवीवारी घरी आहात का". ती म्हणाली, "यांनीं वाचलें, आणि बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. त्या रविवारीं यांनीं जादा काम घेतलें नाहीं. त्याला घेऊन छोट्या पंढरपूरला जाऊन आले. वाटेनें दुकानांच्या पाट्या वाचीत वाचीत गेले म्हणे दोघे." बापाचा हात त्यानंतर उठला नाहीं.

मुलगा एकाएकीं वर्गांत पहिला आला, असें लिहिलें तर आपणांस आवडेल. पण तसें झालें नाहीं. दिवाळीपर्यंत तो रखडतच वाचीत होता. होळीच्या सुमारास त्यानें माझ्या घरीं एक न पाहिलेली गोष्ट शेवटपर्यंत वाचली, मध्यें पांच-सहा जागीं अडला, आणि एका जागीं पुस्तक माझ्यापुढें करून म्हणाला, "आजी, हें मला येत नाहीं." मला त्या पानभर वाचनापेक्षां त्याच्या या चार शब्दांचा आनंद अधिक झाला. ज्या मुलाला "येत नाहीं" असें उघड म्हणतां येतें, त्याला पानें लपविण्याचें कारण उरत नाहीं.

शेवटीं शाळेशीं कसें वागावें, याविषयीं दोन शब्द. पालकसभेंत "कितवा नंबर?" हें विचारूं नये. "न पाहिलेलें वाक्य तो वाचतो का? कोठें अडतो? घरीं मीं कोणती एक गोष्ट करावी?" असे तीन प्रश्न विचारावे. बहुतेक शिक्षिका या प्रश्नांनीं संतुष्ट होतात, आणि "लक्ष द्या" याचा अर्थहि त्यामुळें स्पष्ट होतो. सरकारी व अनुदानित शाळांत कायद्यानें जी शाळा व्यवस्थापन समिति असते, तींत तीन चतुर्थांश सभासद आईबापच असावे लागतात, व निम्म्या स्त्रिया. तेव्हां तेथें जाऊन बोलणें हा आपला अधिकारच आहे. २०२२ सालीं राज्यांत 'पहिलें पाऊल' नांवाचें शाळापूर्व तयारीचें अभियान झालें, त्यांत मातांचे गट करून घरच्या घरीं करावयाचे खेळ त्यांना दाखविण्यांत आले. फारशा न शिकलेल्या आया त्यांत उत्साहानें बसल्या. आपण शिकलेल्या बायका मात्र "आम्हांला काय शिकवितां?" म्हणून दूर राहतों, आणि घरीं येऊन धडा दहा वेळां लिहून घेतों!

झोंपेचेंहि ध्यान असावें. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत, असा आदेश राज्य सरकारनें २०२४ सालीं काढला, तो मुलांना पुरेशी झोंप मिळावी म्हणूनच. ती मिळालेली सवड रात्रीं मोबाईलच्या पडद्यापुढें घालविली, तर सरकारनें तरी काय करावें?

या महिन्यांत एवढेंच करून पाहा. मुलाच्या पेल्याखालीं रोज एक चिठ्ठी ठेवा. त्याचें उत्तर आलें तर त्यांतल्या चुका काढूं नका, त्याला उत्तर लिहा. आणि शाळेंतून आल्याबरोबर "आज किती मार्क?" असें न विचारतां "आज तूं बाईंना काय विचारलेंस?" असें विचारा. पहिले कांहीं दिवस उत्तर येणार नाहीं. नंतर येईल.